मसूरचा फलाट : संवेग आणि योनिसो मनसिकार

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांतील पहिले प्रकरण आपल्या परिचयाचे आहे, निदान तसा आपला समज आहे. सातारा, कऱ्हाड, सांगली या भागांत जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सभांतून मसूर स्टेशनची हकिकत वर्षानुवर्षे सांगितली जाते. काही काळापूर्वी पालीच्या वर्गात संवेग या शब्दाचा अर्थ समजावताना हे प्रकरण मूळ संहितेवरून वाचायला घेतले. अर्धेअधिक वाचून झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, गाडीवानाने मुलांना गाडीतून खाली ढकलले तो भाग पुढच्या पानावर आहे का?” तो भाग पुढच्या पानावर नव्हता, त्या प्रकरणातच नव्हता. प्रस्तुत लेखाचा उगम या प्रश्नात आहे. आपण ऐकलेली हकिकत आणि बाबासाहेबांनी लिहिलेली हकिकत यांत जे अंतर पडले आहे, त्यामुळे त्या हकिकतीचे मर्मच हरवते की काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम संहितेविषयी. ही टिपणे १९३० नंतरच्या दशकातील असून बाबासाहेबांच्या हयातीत ती प्रसिद्ध झाली नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली पुस्तिकारूपाने काढली आणि १९९३ साली वसंत मून यांनी संपादित केलेल्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’च्या बाराव्या खंडात त्यांचा समावेश झाला. परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय हे कळावे, हा लेखनाचा हेतू प्रारंभीच सांगितला आहे. त्यासाठी सर्वसाधारण वर्णन करावे की घडलेले प्रसंग द्यावेत, असे दोन मार्ग लेखकापुढे होते. त्यांनी दुसरा निवडला. ही निवड ध्यानात ठेवली पाहिजे. ज्याच्याजवळ सिद्धांत मांडण्याचे असामान्य सामर्थ्य होते, त्याने येथे सिद्धांत बाजूला ठेवून चार पोरांचा प्रवास सांगितला आहे.

प्रसंग साधा आहे. वडील सुभेदार रामजी दुष्काळी कामावरील तलावाच्या खोदाईवर खजिनदार म्हणून गोरेगावी होते. भीमराव, थोरले बंधू आणि मृत बहिणीचे दोन मुलगे साताऱ्यास आत्याच्या सोबतीने राहत होते. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे जावयाचे ठरले. आगगाडी चौघांपैकी कोणी पाहिलेली नव्हती. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे, खाऊला दोन-दोन आणे आणि स्टेशनवर प्रत्येकी लेमोनेडची बाटली, असा थाट होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला आली. न्यावयास कोणी आले नव्हते. तासाभराने स्टेशनमास्तरांनी चौकशी केली. पोशाखावरून त्यांना मुले ब्राह्मणांची वाटली होती. भीमरावांनी क्षणाचाही विचार न करता आपण महार असल्याचे सांगितले. मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

पुढे काय घडते ते नीट पाहावे. कोणी मारीत नाही, कोणी शिवी देत नाही. तेच स्टेशनमास्तर काही वेळाने परत येतात आणि दुप्पट भाड्यावर गाडी ठरवून देतात. अट इतकीच की गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने शेजारून पायी चालावे. वाटेत नदीशी थांबतात, पण तेथील पाणी गुरांनी घाण केलेले असते. मध्यरात्री टोलनाका लागतो. गाडीवानाच्या सल्ल्यावरून भीमराव आपण मुसलमान असल्याचे सांगतात; तरीही नाकेदार पाणी देत नाही. शिदोरीची टोपली भरलेली, आणि पाण्यावाचून चौघे उपाशी झोपतात. दुसऱ्या दिवशी मुक्कामी पोहोचल्यावर कळते की मुलांचे पत्र येऊन पडले होते, पण नोकराने ते वडिलांना दिलेच नव्हते. म्हणजे साऱ्या प्रकाराच्या मुळाशी कोणाचा दुष्ट हेतू नाही. एक न पोहोचलेले पत्र आहे.

सभांतील कथनाला एवढ्याने समाधान होत नाही. तेथे गाडीवान संतापतो, मुलांना धुळीत लोटतो, आणि श्रोत्यांचे डोळे भरून येतात. कथन करणाऱ्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. तथापि या भरीमुळे अन्याय एका आडदांड माणसाच्या स्वभावात जाऊन बसतो. मूळ संहितेत तो कोणाच्याच स्वभावात नाही. सभ्य अधिकारी, हिशेबी गाडीवान आणि पेंगुळलेला नाकेदार यांच्या हातून तो सहज घडतो. त्याची भीषणता या सहजपणात आहे.

स्थळाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. छापील पाठांत आणि चरित्रांत या गावाचे नाव कोठे गोरेगाव, तर कोठे कोरेगाव असे येते. संहितेत ते खटाव तालुक्यातील म्हटले आहे. कोरेगाव हे स्वतः तालुक्याचे ठिकाण असून साताऱ्याहून मसूरकडे जाताना अलीकडेच लागते. तेथे जाणाऱ्यास मसूरला उतरण्याचे व रात्रभर बैलगाडीने जाण्याचे कारण नाही. म्हणून खटाव तालुक्यातील गोरेगाव हाच पाठ सयुक्तिक दिसतो. सालाबाबत लेखकाने स्वतःच ‘सुमारे’ १९०१ असे म्हटले असून त्या वेळचे आपले वय नऊ वर्षांचे दिले आहे. १४ एप्रिल १८९१ हा जन्मदिवस धरता दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. स्मृती म्हणजे दफ्तर नव्हे, हे लेखक जाणतो, आणि म्हणूनच त्याचा शब्द विश्वसनीय वाटतो.

आता मुख्य मुद्दा. या प्रसंगापूर्वी भीमरावांना अस्पृश्यता ठाऊक नव्हती काय? तसे मुळीच नाही. शाळेत वेगळे बसणे, बसावयास घरून तरट नेणे, शिपाई असेल तरच पाणी मिळणे, न्हावी केसांना हात लावीत नसल्याने बहिणीने केस कापणे, हे सारे त्यांनी त्याच प्रकरणात नमूद केले आहे. आणि मग ते सांगतात की हे सर्व माहीत असूनही तोवर ते स्वाभाविक वाटत होते. गोरेगावच्या प्रवासाने असा धक्का दिला की त्यावर विचार सुरू झाला. या प्रकरणाचे मर्म येथे आहे. त्या दिवशी नवी वस्तू दिसली नाही; जुनीच वस्तू नव्याने दिसली. शाळेतील तरट जागच्या जागी असल्यामुळे दिसत नव्हते. नवे कपडे, खिशातील पैसे, अनोळखी गाव आणि आगगाडी यांपैकी कशानेही फरक पडत नाही असे जेव्हा कळले, तेव्हा शाळेतले तरटही दिसू लागले.

पाली वाङ्मयात अशा क्षणाला संवेग हा शब्द आहे. अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातातील पतोद सुत्तात चार प्रकारचे जातिवंत घोडे सांगितले आहेत. एक चाबकाच्या नुसत्या सावलीने सावध होतो, दुसरा केसाला स्पर्श झाल्यावर, तिसरा कातडीला लागल्यावर आणि चौथा हाडापर्यंत वेदना पोहोचल्यावर. माणसांचेही तसेच. कोणी परगावच्या माणसाच्या मृत्यूची वार्ता ऐकून जागा होतो, कोणी ते डोळ्यांनी पाहून, कोणी आप्ताच्या मृत्यूने, तर कोणी स्वतःच्या देहाला वेदना झाल्यावर. परंतु सुत्त संवेगापाशी थांबत नाही. जो संविग्न झाला तो योनिसो, म्हणजे मुळाशी जाऊन, प्रयत्न करतो, असे पुढे म्हटले आहे. धक्का आणि विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यातून दुसरी आपोआप निघत नाही.

याचा पुरावा मसूरच्या फलाटावरच आहे. तो क्षण दोघांच्या वाट्याला आला होता. स्टेशनमास्तरही चकित झाले होते. ज्यांना आपण ब्राह्मण समजलो ती मुले महार निघाली, म्हणजे डोळ्यांना जो भेद दिसतच नाही त्यावर आपण सारे आयुष्य चालवतो, हे त्यांना त्याच मिनिटाला कळण्यासारखे होते. पण त्यांच्या ठायी जुगुप्सा उत्पन्न झाली आणि विचार तेथेच संपला. अंगुत्तर निकायातील सुखुमाल सुत्तात अज्ञ माणसाचे वर्णन नेमके असे आहे. आपणही जराधर्मी आहोत हे विसरून तो दुसऱ्याचे वार्धक्य पाहून किळस करतो. तेथे योजलेले ‘जिगुच्छति’ हे क्रियापद आणि आपला ‘जुगुप्सा’ हा शब्द एकाच धातूचे आहेत. बोधिसत्त्वाचे वेगळेपण एवढेच की ही किळस आपल्याला शोभत नाही असे त्याला वाटले, आणि तारुण्याचा मद उतरला.

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी चार दृश्यांची कथा अमान्य केली आहे. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर वृद्ध, रोगी आणि मृत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेला कलह हे गृहत्यागाचे कारण मानले. मग एका प्रवासाने आपली दृष्टी बदलली असे स्वतःविषयी सांगणारा लेखक बुद्धाविषयी तेच नाकारतो, ही विसंगती नव्हे काय?

माझ्या मते नव्हे. बाबासाहेबांचा आक्षेप अचानकपणाला नाही. पूर्वी कधीच न पाहिल्याच्या कल्पनेला आहे. आणि या बाबतीत प्राचीन संहिता त्यांच्याच बाजूला आहे. रथातून जाताना दिसलेल्या दृश्यांची कथा दीघ निकायाच्या महापदान सुत्तात विपस्सी बुद्धाची म्हणून येते; गोतमाला ती जातकट्ठकथेच्या निदानकथेत सविस्तर लावली आहे. सुखुमाल सुत्तात रथ नाही, सारथी नाही. सर्वांना दिसणाऱ्या गोष्टीवर एका तरुणाने केलेला विचार आहे. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात तर तथागत स्वतःच्या संवेगाविषयी बोलतात. तेथे निमित्त आहे ते शस्त्रे उगारलेल्या माणसांचे, आणि उपमा आहे अपुऱ्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांची. अट्ठकथेने हे सुत्त रोहिणीच्या कलहाशी जोडले आहे, आणि धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात गृहत्यागाची चर्चा करताना त्याचाच आधार घेतला. पाण्यासाठी माणसे माणसांवर उठतात, हे दृश्य बाबासाहेबांना वार्धक्याच्या दृश्यापेक्षा अधिक खरे वाटले असेल, तर त्याचे नवल वाटू नये. मात्र मसूरच्या रात्रीने त्यांना रोहिणीची कथा निवडावयास लावली, असे संहिता कोठेही म्हणत नाही. आपणही तसे म्हणू नये. मसूरहून १९२७ च्या महाडपर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह वक्त्याला होतो. अभ्यासकाने तो आवरला पाहिजे.

याच भूभागातील दुसरे एक आत्मकथन येथे शेजारी ठेवावेसे वाटते. आटपाडी हे गाव पूर्वी औंध संस्थानात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. आटपाडी आज त्या जिल्ह्यात आहे. तेथील शंकरराव खरात यांचे ‘तराळ अंतराळ’ १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्यातील विहिरीचा प्रसंग विसरता येत नाही. गावकीचे तराळ असलेले वडील विहिरीतील प्रेताची राखण करीत आहेत, मुलगा त्यांना भाकरी घेऊन जातो, आणि पोलिसांच्या हुकमावरून वडिलांना ते प्रेत काढण्यासाठी विहिरीत उतरावे लागते. आत साप निघतो, काठावर मुलाचा जीव टांगणीला लागतो. ज्या समाजाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्यालाच प्रेतासाठी विहिरीत उतरविले जात होते. मसूरच्या वाटेवर पाणी नाकारले गेले. आटपाडीला पाण्यात ढकलले गेले.

वाङ्मयीन दृष्ट्या दोन्ही लेखनांत मोठा फरक आहे. खरात कथाकार आहेत. ते वाचकाला काठावर उभे करतात आणि अर्थ सांगत नाहीत. बाबासाहेब घटना जवळजवळ जबानीसारखी देतात आणि शेवटी तिचा अर्थ एका वाक्यात नोंदवतात. पहिल्या पद्धतीत वाचक थरारतो, दुसरीत तो अंतर्मुख होतो. मला दुसरी अधिक अवघड वाटते, कारण तेथे रडण्याची सोय ठेवलेली नाही.

शेवटी आपणा बौद्ध अभ्यासकांसाठी एक सावधगिरीची सूचना. संवेग हा शब्द मसूरच्या प्रसंगाला लावताना जरा-मरण आणि अस्पृश्यता यांची सरमिसळ होण्याचा धोका आहे. जरा-मरण कोणाला चुकत नाही. तेथे आसक्ती सोडणे हा मार्ग आहे. टोलनाक्यावरील पाणी मात्र निसर्गाने आटवले नव्हते. त्या दुःखाचा समुदय माणसांच्या व्यवस्थेत आहे, म्हणून त्याचा निरोधही तेथेच शोधावा लागतो. सोसण्याला धम्माचे नाव देऊन या प्रकरणाचे वाचन करणे म्हणजे ते न वाचणे होय.

शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा भीमरावांच्या सातारा हायस्कूलमधील १९०० सालच्या प्रवेशाचा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळावयास घेतला, ते योग्यच झाले. त्या दिवशी शाळाशाळांतून मसूरची हकिकत सांगितली जावी. परंतु ती आहे तशी सांगितली जावी. गाडीवानाला राक्षस केले की ऐकणारा मुलगा म्हणतो, असा माणूस मी कधी पाहिला नाही. स्टेशनमास्तर आहेत तसे सांगितले, तर त्याला कदाचित आठवेल की असा चेहरा आपण पाहिला आहे. कोणाच्या तरी घरी, नाव-आडनाव विचारल्यानंतर. तेथून पुढचा विचार त्याचा त्याला करू द्यावा.