मधले अठ्ठावीस दिवस

'पूर्णा' म्हटलं की आमच्या जालन्यात आधी नदी आठवते, मग रेल्वेचं जंक्शन. मालावत पूर्णा तिसरी. पण तीही आमच्याच लाइनीवरची. जालन्याहून निघालेली गाडी परभणी, पूर्णा, नांदेड करत निजामाबादला जाते आणि त्या जिल्ह्यातलं पाकाला हे तिचं गाव. गरीब आदिवासी घरातली ही मुलगी २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोचली, तेव्हा तिचं वय होतं तेरा वर्षं अकरा महिने. तिच्यावर राहुल बोसने काढलेला 'पूर्णा' हा हिंदी सिनेमा मार्च २०१७मध्ये आला. थिएटरात तो फार टिकला नाही. बहुतेकांनी माझ्यासारखा मोबाइलवरच पाहिला असणार.

मी जे पुढे म्हणणार आहे ते तक्रारीच्या सुरातलं आहे, म्हणून आधी हे सांगतो की सिनेमा चांगला आहे. विशेषतः त्याचा पूर्वार्ध. फी भरता येत नाही म्हणून शाळेत झाडू मारणाऱ्या दोन चुलत बहिणी, फुकट शिक्षण आणि पोटभर जेवण देणाऱ्या सरकारी निवासी शाळेबद्दल त्यांना लागलेलं वेड, मग मोठीचं, प्रियाचं, लग्न आणि धाकटीचं एकटीनं शाळेत जाणं. यात कुठंही आरडाओरडा नाही. आदिती इनामदार ही पोरगी कॅमेऱ्यासमोर आहे हे तिला कोणी सांगितलंच नसावं, असं वागते. वसतिगृहातलं जेवण हा विषय इतक्या गांभीर्यानं घेणारा दुसरा हिंदी सिनेमा मला आठवत नाही. डोंगर चढणारी माणसं हौसेनं चढतात, हा आपला समज हा सिनेमा पहिल्या अर्ध्या तासात मोडून टाकतो. पूर्णा डोंगराकडे जाते ती शाळेतून. शाळेकडे जाते ती भुकेतून आणि लग्नाच्या भीतीतून. हे बरोबर आहे, आणि बघताना आत कुठंतरी लागतं.

मग भोंगीर येतं.

हैदराबादजवळचा भोंगीरचा किल्ला एका प्रचंड अखंड खडकावर आहे. तिथे शाळेच्या मुलांना प्रस्तरारोहणासाठी नेलं जातं, पूर्णा चढते, प्रशिक्षकाच्या नजरेत भरते. पुढे दार्जिलिंग, बर्फ, आणि मग थेट तिबेटच्या बाजूनं एव्हरेस्ट. इतका वेळ एकेका ताटाकडे, एकेका चेहऱ्याकडे शांतपणे बघणारा सिनेमा इथे एकदम घाईत येतो. दोर, बूट, धाप, संगीत. खडकावर चाचपडणारी मुलगी काही मिनिटांत गिर्यारोहक झालेली असते. ती नेमकं काय शिकली, कोणत्या क्रमानं शिकली, काय येत नव्हतं आणि ते कसं यायला लागलं, हे विचाराल तर सिनेमाकडे उत्तर नाही. त्याच्याकडे एकच शब्द आहे : जिद्द.

मला हे खटकतं, कारण ते मधले दिवस मी थोडेफार पाहिलेत. इंजिनिअरिंग संपलं आणि नोकरी सुरू व्हायची होती, त्या मधल्या वेळात, २०१९च्या उन्हाळ्यात, मी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत अठ्ठावीस दिवसांचा बेसिक कोर्स केला. (जालन्यात चढायचं म्हणजे अंबडची मत्स्योदरीची टेकडी, आणि तिलाही पायऱ्या आहेत. त्यामुळे घरच्यांना हा नेमका कसला कोर्स, हे शेवटपर्यंत कळलं नाही.) सुरुवातीचे दिवस तेखला इथल्या खडकांवर गेले. नंतर पाठीवर बोजा घेऊन भुक्की गावातून वर तेल कॅम्प, गुज्जर हट आणि डोकरियानी बामक ही हिमनदी.

तिथे जिद्दीबद्दल कोणी फारसं बोलत नाही. गाठींबद्दल बोलतात. आठाच्या आकाराची गाठ मारा, सोडा, पुन्हा मारा. हातमोजे घालून मारा. आता न बघता मारा. मारलेली गाठ जोडीदाराला दाखवा, त्यानं हात लावून तपासल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. आमच्या धंद्यात आपला कोड दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढे जात नाही, तसंच. फरक एवढाच की इथे चूक निघाली तर पुढची आवृत्ती काढता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पडायला शिकण्यात. बर्फाच्या उतारावर मुद्दाम घसरायचं आणि आइस अ‍ॅक्सच्या टोकावर छातीचं वजन टाकून स्वतःला थांबवायचं. आधी पोटावर, पाय खाली. मग पाठीवर. मग डोकं खाली करून पोटावर, मग डोकं खाली करून पाठीवर. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण आकाशाशिवाय काही दिसत नाही आणि शरीर आपोआप चुकीच्या बाजूला वळतं. पायात क्रॅम्पॉन असतील तर घसरताना पाय वर उचलून धरायचे, नाहीतर त्याचे काटे बर्फात अडकून माणूस उलटा फेकला जातो. शरीराची साहजिक हालचाल पाय टेकवण्याची असते. ती विसरेपर्यंत पुन्हा वर चढून पुन्हा घसरायचं. यात हिंमत किती लागते? पहिल्या दोन वेळी थोडी. पुढच्या तीसेक वेळी फक्त सहनशक्ती, आणि थोडा कंटाळा.

तर हा कंटाळा सिनेमात कसा दाखवायचा? अडचण खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. शिकणं म्हणजे तेच ते करणं, आणि तेच ते दाखवलं की प्रेक्षक मोबाइल खाली ठेवतो किंवा दुसऱ्या अ‍ॅपवर जातो. म्हणून तुकडे जोडून वर गाणं टाकायची युक्ती निघाली. कुस्ती असो की बॉक्सिंग, सगळे खेळाचे सिनेमे हेच करतात. पण 'पूर्णा'ला ही सवलत द्यायला मी तयार नाही, कारण याच सिनेमानं पूर्वार्धात झाडू मारण्यासारखी कंटाळवाणी गोष्ट दाखवून दाखवलेली आहे. ज्याला गरिबीतलं रोजचं तेच ते दिसतं, त्याला शिकण्यातलं का दिसू नये?

'मेरू' हा २०१५चा माहितीपट या बाबतीत बघण्यासारखा आहे. योगायोगानं हा मेरू पर्वतही उत्तरकाशी जिल्ह्यातलाच, गंगोत्रीच्या वरचा. कॉनराड अँकर, जिमी चिन आणि रेनान ओझतुर्क हे तिघं २००८मध्ये त्याच्या 'शार्क्स फिन' कड्यावरून शिखराच्या अगदी जवळून परत फिरले आणि २०११मध्ये पुन्हा जाऊन वर पोचले. माहितीपटाचा जीव त्या परत फिरण्यात आहे. आणि त्यात गुरूला जागा आहे : अँकरला घडवणारा मग्ज स्टंप, जो १९९२मध्येच डेनालीवर गेला, त्याच्याबद्दल हे लोक थांबून, नीट बोलतात. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे ही विद्या कशी जाते, ते दिसतं. मान्य, हे तिघं मुरलेले गिर्यारोहक आहेत, त्यांच्या हातात कॅमेरा आहे, पाठीशी पैसा आहे. पाकालाच्या मुलीची कुठली बरोबरी! पण म्हणूनच तर तिला काय शिकवलं गेलं, हे जास्त महत्त्वाचं. तिच्याकडे ते कुठल्याच दुसऱ्या मार्गानं येणार नव्हतं.

'जिद्द' या शब्दाबद्दल माझी तक्रार इथेच आहे. दिसायला तो शब्द कौतुकाचा आहे. मे २०१८मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टवर पोचली, तेव्हा आपणही त्यांच्यावर जिद्द, चिकाटी, रक्तातलं धाडस असे शब्द उधळले. जंगलात वाढलेली मुलं, काटक असणारच, असंही ऐकलं. हे बोलताना आपण त्या मुलांकडून एक गोष्ट काढून घेतो : ती शिकली, हे. जुमार लावून दोरावर चढणं रक्तात नसतं. सराव, निवड, पुन्हा सराव असं करत त्यांनी ते डोक्यात आणि हातात घातलं. शहरातल्या पोराला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की आपण क्लासचं नाव विचारतो, किती तास अभ्यास केला ते विचारतो. आश्रमशाळेच्या पोरानं एव्हरेस्ट चढला की त्याच्या रक्ताचं कौतुक करतो.

सिनेमाला यासाठी सामग्रीची कमतरता नव्हती. पूर्णा दार्जिलिंगच्या ज्या हिमालयीन गिर्यारोहण संस्थेत शिकली, तिची स्थापना १९५४ची. आदल्या वर्षी एव्हरेस्ट चढलेले तेन्झिंग नोर्गे तिथले पहिले प्रशिक्षणप्रमुख. पण शिकवायला सुरुवात करण्याआधी तेन्झिंग काही शेर्पांसह स्वित्झर्लंडला गेले आणि तिथल्या आर्नोल्ड ग्लॅटहार्ड या गाइडच्या शाळेत विद्यार्थी म्हणून राहिले. जगातल्या सर्वांत उंच जागी उभा राहून आलेला माणूस दोर कसा धरायचा आणि तो दुसऱ्याला कसा शिकवायचा, हे शिकायला पुन्हा वर्गात बसला. साठ वर्षांनी त्याच संस्थेत तेरा वर्षांची एक मुलगी येते. सिनेमा त्या आवारातून जातो, आणि तिथे काय चालतं याकडे त्याचं लक्षच नाही. (एखाद्या लेखकानं तरी ही गोष्ट उचलायला हवी होती. आपल्याकडे मोहिमांची वर्णनं पुष्कळ आहेत, कोर्सची फार कमी.)

आणखी एक कारण आहे, ज्यामुळे मी हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ झालो. ४ ऑक्टोबर २०२२च्या सकाळी 'द्रौपदी का दांडा २' या शिखराजवळ नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली. सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघं बेपत्ता राहिले. हे शिखर डोकरियानी बामकच्याच माथ्यावर आहे. आम्ही तळावरून रोज त्याच्याकडे बघायचो. मेलेल्यांत बहुतेक शिकणारे होते. बेसिकला 'ए' ग्रेड मिळवून पुढच्या कोर्सला आलेली, म्हणजे गाठी नीट मारणारी, पडताना पाय वर उचलणारी पोरं. जिद्द सगळ्यांकडे असणार. कौशल्यही होतं. तरीही. जिद्दीची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमाला या सकाळीचं काय करायचं ते कळणार नाही, कारण त्याच्या हिशोबात डोंगर म्हणजे परीक्षा आणि परीक्षेत मनापासून बसणारा पास होतो. कोर्समध्ये मात्र पहिल्या आठवड्यापासून हिमस्खलनाचा तास असतो. उतार किती अंशांचा, बर्फ कधी पडलं, ऊन कधी लागणार, हे विचारायचं, आणि सगळं विचारूनही धोका शून्य होत नाही, हे ऐकून घ्यायचं.

त्या सकाळी गेलेल्यांत सविता कंसवाल होती. उत्तरकाशीजवळच्या लोंथ्रू गावची. त्याच वर्षी मे महिन्यात तिनं सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन्ही शिखरं चढली होती, आणि असं करणारी ती पहिली भारतीय महिला होती. नेहमीच्या सिनेमाच्या हिशोबानं तिची गोष्ट मकालूवर संपायला हवी. पण ऑक्टोबरमध्ये ती द्रौपदी का दांड्यावर होती ती विक्रमासाठी नव्हे. ती त्या तुकडीची प्रशिक्षक होती. मुलांना शिकवायला वर गेली होती.