क्षेत्रप्रकल्प आणि मार्गदर्शकाची भेट

बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तेथील अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्पास महत्त्व आले. मार्गदर्शकाने विद्यार्थ्यास ठराविक दिवसांनी भेटावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु 'काम कोठवर आले?' एवढेच विचारून स्वाक्षरी दिली, तर त्या भेटीस हजेरीपलीकडे मोल राहत नाही.

बोलीच्या अभ्यासात ही उणीव विशेष जाणवते. वऱ्हाडीत 'मला, तुला' या रूपांऐवजी 'मले, तुले' ही रूपे आढळतात. संकलन करणारा विद्यार्थी शालेय लेखनाच्या सवयीने, ऐकलेले 'मले' नकळत 'मला' असे टिपतो. पहिल्याच आठवड्यात ध्वनिमुद्रण व टिपणवही ताडून पाहिल्यास ही चूक सुधारता येते. सत्राअखेरीस ती उघडकीस आली, तर पुन्हा गावी जाण्यास अवधी नसतो. आणि वऱ्हाडीच्या नावाखाली प्रमाण मराठीच नोंदली जाते.

म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा जमविताना त्या नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. त्या 'लीळाचरित्रा'चे एक संपादक वि. भि. कोलते याच जिल्ह्यातील नरवेलचे होत. संकलन चालू असतानाच पडताळणी व्हावी, हा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

विद्यार्थिसंख्या मोठी असता प्रत्येकाची वही दर आठवड्यास तपासणे अध्यापकास शक्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. अशा वेळी विद्यार्थ्यांचे लहान गट करून प्रत्येकाचे एकच पान मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडावे. प्रकल्पाची विश्वसनीयता तेवढ्यानेही पुष्कळ वाढेल.