‘मॅगट ब्रेन’ : शोक आणि ठेका

अमेरिकेतील फंकाडेलिक या कृष्णवर्णीय वाद्यवृंदाची ‘मॅगट ब्रेन’ ही ध्वनिमुद्रिका १९७१ साली डेट्रॉइट येथील वेस्टबाउंड या कंपनीने काढली. तिच्याविषयीचे लेखन बहुधा एका हकिकतीपाशीच थांबते. आई वारल्याचे नुकतेच कळले आहे असे समजून वाजव, असे सूत्रधार जॉर्ज क्लिंटन यांनी गिटारवादक एडी हेझल यांना सांगितले, ही ती हकिकत. ती क्लिंटन यांनीच सांगितलेली असली, तरी तिने आस्वादाची वाट अडवलीच आहे. श्रोता वादकाचे दुःख ऐकू लागतो आणि रचना ऐकायची राहून जाते.

मुळात ते दुःख घडलेले नव्हते, कल्पिलेले होते. शोक आणि करुणरस यांत भेद करणाऱ्या भारतीय साहित्यविचाराला यात नवल वाटू नये. दहा मिनिटांच्या शीर्षकरचनेत हा भेद टिकतो तो क्लिंटन यांच्या एका निर्णयामुळे. ध्वनिमिश्रण करताना त्यांनी साथीची बहुतेक वाद्ये जवळजवळ पुसून टाकली. उरली ती दुसऱ्या गिटारीची, पुन्हा पुन्हा त्याच जागी परतणारी संथ स्वरावली आणि तिच्यावर प्रतिध्वनीत विरत जाणारे हेझल यांचे वादन. फंक संगीताचा प्राण ठेक्यात असतो. इथे आरंभीच ठेका काढून घेतला आहे.

म्हणूनच पुढच्या गीतांत तो परततो तेव्हा निव्वळ नाचण्यासाठी उरत नाही. ‘यू अँड युवर फोक्स, मी अँड माय फोक्स’मध्ये श्रीमंत आणि गरीब यांच्या वाट्यांचा रोखठोक हिशेब आहे. ‘सुपर स्टुपिड’मध्ये एका अमली पदार्थाऐवजी दुसराच घेऊन बसलेल्या व्यसनी माणसाची गत आहे, आणि तीही हेझल यांच्याच गळ्यातून येते. १९६७चा उद्रेक पाहिलेल्या डेट्रॉइट शहरात, व्हिएतनामचे युद्ध चालू असताना ही गाणी ध्वनिमुद्रित झाली. आरंभीच्या विलापाला विषय मिळतो तो इथे. मुखपृष्ठावर मातीतून वर आलेले, किंचाळणाऱ्या स्त्रीचे मस्तक आहे आणि मलपृष्ठावर कवटी. हे चित्रही मग केवळ धक्का देण्यासाठी योजलेले वाटत नाही.

‘बॅक इन अवर माइंड्स’ मात्र सैल आहे. अखेरच्या ‘वॉर्स ऑफ आर्मगेडन’मध्ये घोषणा, गर्दीचा गलबला, बालकाचे रडणे आणि स्फोट एकमेकांवर आदळतात, मध्येच ग्राम्य विनोदही डोकावतो. तो काहींना खटकतो. पण पहिल्या रचनेत पुसलेले सारे आवाज जणू इथे एकदम आत घुसतात, आणि अशी गर्दी सोवळी असणे शक्य नव्हते.