भिंतीवरला लक्ष्मण

हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्याचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गाला गाथेत प्राचीन महाराष्ट्र दिसतो : गोदावरी, विंध्य, भाताची खाचरे, तागाची शेते, पाणपोया, ग्रामणी आणि गृहपती. दुसऱ्याला तीत शृंगार दिसतो आणि तो दिसताच लेखणी किंचित खाकरते. स. आ. जोगळेकरांची विस्तृत आवृत्ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. तिचे ऋण कोणीही मराठी वाचक नाकारणार नाही. परंतु या दोन्ही दृष्टींच्या मधोमध एक व्यक्ती उभी आहे आणि तिच्याकडे नीट पाहावयाचे राहून गेले आहे, असे मला सतत वाटत आले आहे. ती म्हणजे गाथेतली मुलगी. तिचे वय कवी सांगत नाहीत. पण कुणी नुकतीच नांदायला आलेली, कुणी पाणपोईवर बसलेली, कुणी बापाच्या शेताची राखण करणारी. आजच्या हिशेबाने यांतल्या बऱ्याच जणी शाळेच्या बाकावर असावयाच्या.

या मुलीजवळ गुपिते पुष्कळ आहेत. भाताची शेते पिकून पांढरी पडू लागली की ती मान खाली घालून रडते. कापणी झाली की भेटीची जागाच जावयाची. सखी तिला समजावते, रडतेस कशाला, तागाचे शेत अजून उभे आहे, हरताळ फासून नटलेल्या नटीसारखे. पाणपोईवरची मुलगी वाटसरूच्या ओंजळीत पाणी घालते. तो वर पाहत बोटे फाकवून पितो आणि ती धार बारीक करीत जाते. दोघांचे काय चालले आहे हे पाण्याशिवाय कोणी बोलत नाही. पहिल्या प्रेमाचे इतके थोडक्यात आणि इतके निर्मळ चित्र आपल्या भाषेच्या पूर्वजांनी दोन ओळींत काढून ठेवले आहे, याचा अभिमान कोणास वाटणार नाही?

आणि गुपित झाकण्याची तिची कला तर काश्मीरपर्यंत गाजली. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धान्त मांडताना उदाहरणे घेतली ती या गाथांतली. नदीकाठच्या संकेतस्थळी फुले तोडायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला एक जण निर्धास्त फिरायला सांगते, कारण भुंकणारे कुत्रे सिंहाने मारले आहे. सिंह अर्थात तिथेच राहतो. दुसरी रातांधळ्या वाटसरूला सासू कुठे निजते आणि आपण कुठे निजतो ते दिवसाउजेडी नीट दाखवून ठेवते आणि वर बजावते की रात्री आमच्यावर येऊन पडू नकोस. परवानगीत मनाई आणि मनाईत परवानगी. साहित्यशास्त्राचा एवढा डोलारा गोदाकाठच्या पोरीच्या थापेवर उभा राहिला, ही गोष्ट मोठ्या गमतीची आहे.

पण येथेच माझी पहिली शंका आहे. या प्रसिद्ध गाथांत मुलगी चतुर आहे, आणि तिचे चातुर्य ऐकून आनंद होतो तो ऐकणाऱ्यास. सभेत बसलेला रसिक तिचे गुपित ओळखतो, सासू ओळखत नाही. ओळखणाऱ्यांत आपली गणना झाली म्हणून रसिक खूश. मुलगी पकडली गेली तर तिचे काय होईल, हा प्रश्न त्या आनंदात बसत नाही. (कचेरीत ‘गोपनीय’ असा शिक्का मारलेला कागद सर्वांत अधिक हातांतून जातो, हा अनुभव येथे आठवतो.)

म्हणून मला गाथेतली खरी मुलगी पहिल्या शंभरांतल्या दोन गाथांत भेटते. दोन्ही दिराच्या. पहिलीत दिराचे मन शुद्ध नाही. घरची सून त्याला काही बोलत नाही, कोणाला सांगतही नाही. घराच्या भिंतीवर रामामागून चाललेल्या लक्ष्मणाची चित्रे आहेत. ती त्याला दिवसभर त्या चित्रांची कथा सांगत बसते. दुसरी गाथा याहून कठोर आहे. दिराची नजर वाईट, हिचे मन स्वच्छ, नवरा तापट स्वभावाचा. कुटुंब फुटेल या भयाने ती कोणाला सांगत नाही आणि वाळत जाते. इतकेच. पुढे काय झाले ते नाही, सखी नाही, युक्ती नाही, अलंकारही नाही.

भिंतीला कान असतात असे आपण म्हणतो. येथे कान असलेल्या त्या भिंतीलाच मुलीने तोंड दिले आहे. जे स्वतःच्या तोंडाने उच्चारता येत नाही ते ती चित्रातल्या दुसऱ्या दिराकडून बोलवून घेते. दुसऱ्या गाथेत भिंतही उरत नाही. बोलते ते शरीर. आणि मग वाचकापुढे एक चमत्कारिक कोडे उभे राहते : तिने जर कोणालाच सांगितले नाही, तर कवीला कळले कसे? माझ्या मते या गाथेचे सारे मोठेपण या कोड्यात आहे. तिथे ऐकणारा रसिक नाहीच. घरात ऐकायला कोणी उरले नाही म्हणून गाथा ऐकते.

या गाथांचे शब्दही परके नाहीत. ‘सोण्हा’ म्हणजे आपली सून, ‘दिअर’ म्हणजे आपला दीर. सासूला हाक मारण्याचा ‘अत्ता’ हा शब्द तर आपल्या आत्याच्या इतका जवळ आहे की, आतेमामे लग्नाची चाल असलेल्या मराठी घरात तो कानी पडताच दोन्ही नाती एकदम उभी राहतात. संस्कृत छायेवरून गाथा वाचणाऱ्याला हे घर दिसत नाही. वधू, देवर, श्वश्रू हे शब्द आले की नाटकाचा पडदा वर जातो.

ही गाथा कोणी रचली असेल? टीकाकारांनी रेवा, रोहा, अनुलक्ष्मी, शशिप्रभा अशी काही स्त्रियांची नावे नोंदली आहेत. परंतु वेगवेगळ्या पाठपरंपरांत समान अशा गाथा सुमारे ४३० च भरतात, तेव्हा नावांच्या भरवशावर फार मोठी इमारत बांधू नये. बाईच्या नावाची गाथा बाईचीच असेल असे नाही आणि निनावी गाथा पुरुषाची असेल असेही नाही. मी नावाऐवजी एकच विचारतो : ही ऐकायला कोण बसले आहे?

हा प्रश्न हाती धरला म्हणजे पुढची मराठी रचनाही निराळी दिसू लागते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये जमवलेल्या किंवा पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी हजारांवर गावांतून टिपलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या घ्या. पहाटे जात्याच्या घरघरीत सासुरवाशीण गाते. घर जागे असते, पण ऐकत नाही, निदान ऐकत नसल्याचे सोंग करते. तिथे ती प्रेम करते ते भावावर. नवऱ्यावरच्या ओव्या त्या मानाने थोड्या. याचे कारण तिचे प्रेम कमी होते असे नव्हे; भावाचे नाव घेता येई आणि नवऱ्याचे येत नसे. ते नाव घेण्यासाठी तिला उखाणा रचावा लागे. एक शब्द उच्चारावयाचा म्हणून त्याच्याभोवती यमकाचे पडदे धरायचे, आणि तेही भरल्या पंगतीत! भोंडल्यात परकऱ्या पोरी न पाहिलेल्या सासूची गाणी फेर धरून म्हणतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. या सर्व रचनांत ऐकणारे घर कवितेच्या आतच बसलेले आहे. त्याला चुकवीत चुकवीतच त्यांचे छंद घडले.

आधुनिक भावकवितेने हे घर बाहेर काढले. भा. रा. तांबे हे मध्यभारतात हयात घालवलेले आपले, म्हणजे बृहन्महाराष्ट्राचे कवी. मुलीच्या कोवळ्या मनाचा स्वर त्यांच्याइतका गोड कोणी लावला नाही. तरी नववधूच्या बावरण्यावरची त्यांची कविता पाहा. रसिकांनी त्या भीतीत जीवाची परमेश्वराकडे जाण्याची ओढ पाहिली, मृत्यू पाहिला, आणि कवितेने तशी वाट करून दिलेलीच आहे. मात्र या थोर अर्थांच्या गर्दीत, परक्या घराचा उंबरा चढताना खरोखरच घाबरलेली पोर दाराबाहेर राहिली. तांब्यांच्या मागून आलेल्यांनी नुसता गोडवा उचलला, त्याविषयी न बोललेले बरे. १९३२ साली ‘काव्यसंजीवनी’ निघाला तेव्हा संजीवनी मराठे सोळा वर्षांच्या होत्या. रेवा-रोहांच्या नावांवर जे संशयाचे सावट आहे ते येथे नाही. त्या वयाच्या मुलीने आपल्या नावाने पुस्तक काढणे हीच मराठीतली एक घटना होय, आणि तिचा विचार केवळ ‘गोड गळ्याची कवयित्री’ एवढ्यावर संपवू नये.

आता मी राहतो त्या गावाविषयी. पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते आणि सव्वा लाख बांगडी फुटल्याचे आठवते. पण या गावाला स्वतःचा एक कवी आहे. हालाशी नावाने जुळणारा हा हाली, ख्वाजा अल्ताफ हुसेन, येथेच १८३७ साली जन्मला, १९१४ साली येथेच वारला आणि बू अली शाह कलंदरांच्या दर्ग्यात पुरला गेला. त्याची ‘मुनाजात-ए-बेवा’ १८८४ ची. संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच विधवा झालेली मुलगी त्या दीर्घ कवितेत ईश्वराशी बोलते. भाषा इतकी साधी, अरबी-फारसीच्या ओझ्यावाचून, की देवनागरीत मांडली तर येथल्या गल्लीतली कोणतीही बाई समजून घेईल. गाथेतल्या सुनेला भिंत होती, ओवीतलीला जाते होते. हालीच्या मुलीला सखी नाही, आणि सांगण्यासारखे पहिले प्रेमही नाही. ते झालेच नाही हेच तिचे गुपित. ते ईश्वराखेरीज कोणापुढे काढावे? आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची यमू अशीच आपल्या तोंडाने बोलली, परंतु गद्यात आणि काही वर्षांनी. पुरुषाने मुलीच्या तोंडून बोलावे की नाही हा वाद पुष्कळ झाला आहे. माझ्यापुरता मी एवढे पाहतो की हाली तिच्याकडून चातुर्याची अपेक्षा करीत नाही.

याच पानिपतात २२ जानेवारी २०१५ रोजी मुलींना वाचवण्याची व शिकवण्याची केंद्राची योजना सुरू झाली; २०११ च्या जनगणनेत हरियाणात शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलांमागे मुली ८३४ होत्या. मुली मोजणे हे आम्हा सरकारी माणसांचे काम, ते आम्ही करतो. त्यांतल्या कोणी कुटुंब फुटू नये म्हणून काय गिळले आहे, त्याला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

येथील मराठी घरांतून गाथा मुलींच्या हाती द्यावी काय, अशी चर्चा मधून मधून निघते. वडीलधारी मंडळी ‘अजून थोडी मोठी होऊ द्या’ म्हणतात. त्यांच्या मनात असतात त्या तागाच्या शेतातल्या आणि रातांधळ्या वाटसरूच्या गाथा. त्या खुशाल मागे ठेवा. पण दिराच्या त्या दोन गाथा पंधराव्या वर्षीच वाचावयास हव्यात, आणि त्या मुलींनी एकट्याने नव्हे, तर आईने शेजारी बसून, शब्दांचा अर्थ सांगत : सोण्हा म्हणजे सून, दिअर म्हणजे दीर.