सकलमत आणि चमत्कार

चिटगुप्पा, हुमनाबाद आणि कल्याण या पट्ट्यात मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या भाषा एकाच बाजारात कानी पडतात. रूढीस आव्हान देणारे दोन थोर धर्मपुरुष याच भूमीत वावरले, हा निव्वळ योगायोग आम्ही मानीत नाही. बाराव्या शतकात कल्याणात बसवेश्वर होऊन गेले. पुढे १८१७ साली दत्तजयंतीस लाडवंती येथे माणिकप्रभूंचा जन्म झाला.

दोघांचा मार्ग मात्र एक नव्हे. बसवेश्वरांनी जातिभेदाच्या मुळावरच घाव घातला. चर्मकार हरळय्याचा पुत्र आणि ब्राह्मण मधुवरसाची कन्या यांच्या विवाहापायी दोन्ही पित्यांना देहदंड झाला आणि शरण-मंडळी पांगली, असे परंपरा सांगते. माणिकप्रभूंनी काही मोडले नाही. दत्तभक्ती राखली, पूजाविधी राखला. परंतु कोणतेही मत खोटे नाही असा सकलमताचा उपदेश करून १८४५ साली माणिकनगर वसविले. त्यांच्यात लिंगायतांना बसवेश्वर दिसले आणि मुसलमानांना महबूब सुभानी. त्यांनी पदे रचली ती मराठीबरोबर कानडीत आणि हिंदुस्थानीतही. ज्याची त्याची भाषा बोलणे हे शोभेचे काम नव्हे. ऐकणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेणे आहे.

आमचा आक्षेप आहे तो त्यांच्या चरित्रकारांवर. १८६५ च्या मार्गशीर्षात प्रभूंनी समाधी घेतली, त्यानंतर लिहिल्या गेलेल्या बहुतेक भाविक चरित्रांत चमत्कारांची रास दिसते. चमत्काराने वाचक हात जोडतो आणि सुटतो. त्याला स्वतःच्या वागणुकीत काही बदलावे लागत नाही. सनातनी ब्राह्मण कुळातल्या पुरुषाने यवनालाही आपल्या दरबारात मानाने बसविले, हे धैर्य कोणत्याही चमत्काराहून मोठे. पण ते दोन ओळींत आटोपते.

यावर कोणी म्हणेल, सगळीच मते खरी मानली तर रूढीलाही अभय मिळाले, मग आव्हान ते कसले? शंका रास्त आहे. बसवेश्वरांच्या घावाची धार सकलमतात नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मत आणि रूढी एक नव्हेत. ईश्वराकडे जाण्याची वाट म्हणजे मत. त्या वाटेवर दुसऱ्यास अडविण्याची सवय म्हणजे रूढी. सर्व वाटा खऱ्या मानणाऱ्याला वाट अडविणाऱ्याची बाजू घेता येत नाही.

प्रभूंची पदे माणिकनगरात आजही गायिली जातात. आपल्या देवळांतूनही अशी पदे मोठ्या प्रेमाने म्हटली जातात. म्हणणाऱ्याने आपल्याच विश्वस्तांस आणि आपल्याच मनास एवढे विचारावे, की पद ज्या भाषेतले आहे ती भाषा बोलणारा परका माणूस दाराशी आला, तर त्याला पंगतीत पान मांडले जाईल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर आपण सूर तेवढा घेतला. मत घ्यावयाचे राहिले.