माईकचा स्विच कुणाकडं?

मुंबईत ‘इंडिपेंडंट’ हा शब्द गेली पंधरा-वीस वर्षं फार माजलाय. इंडिपेंडंट गाणं, इंडिपेंडंट चित्र, इंडिपेंडंट विनोद. लाडानं त्याला ‘इंडी’ म्हणतात. खार, बांद्रा, अंधेरी, लोअर परळ इथल्या कॅफेंत आणि लहान हॉलांत संध्याकाळी हा स्वतंत्र माल मिळतो. अर्थ असा की, मी सिनेमासाठी लिहीत नाही, कंपनीसाठी गात नाही, माझं मी लिहितो, माझं मी मांडतो. चांगली गोष्ट आहे. तिला विरोध करायचं आपल्याला कारण नाही.

पण मग वामनदादा कर्डक कोण होते? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत आला, चाळीत राहिला, कामगार झाला, मोठेपणी अक्षरं शिकला आणि हजारो गाणी लिहून गावोगाव गात हिंडला. ना कंपनी, ना सरकार, ना शेठजी. भाकरी कार्यकर्त्याच्या घरी, बिदागी लोकांच्या वर्गणीतून. २००४ साली दादा गेले. याच्याहून स्वतंत्र कलावंत या शहरानं पाहिला असेल तर दाखवा. त्यांना कुणी इंडिपेंडंट म्हटलं नाही. म्हटलं ते ‘प्रचारकी’. म्हणजे कॅफेत बसून स्वतःच्या प्रेमभंगाचा प्रचार केला की स्वतंत्र, आणि मैदानात उभं राहून माणसाचा प्रचार केला की प्रचारकी. व्वा रे समीक्षा!

असो. हे रडगाणं आपण पुष्कळ गायलंय. आज सांगायचंय ते निराळं आहे, आणि आपल्याच लोकांना ते कडू लागेल.

गेल्या एप्रिलात पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता. गाण्याची पार्टी ट्राफिकमध्ये अडकली. स्टेज रिकामं, पब्लिक कावलेलं. तेव्हा वस्तीतलाच एक पोरगा, बी.कॉम. झालेला, कुरियरचं काम करणारा, माईकवर गेला. गाणं नाही, भाषण नाही. नुसता बोलायला लागला. आपल्या घराबद्दल, पाण्याच्या लायनीबद्दल, आपला पुढारी दर निवडणुकीला कुणाच्या गाडीतून उतरतो त्याबद्दल. मग म्हणाला, “आमच्या मंडळाला बाबासाहेबांचे तीनच शब्द पाठ आहेत. वर्गणी मागायला आले की म्हणतात, शिका, संघटित व्हा. हिशोब मागितला की तिसरा शब्द आठवतो.”

पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बाया असल्या हसल्या की काय सांगू! एकीनं पदर तोंडात धरला. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. इतकं खरं हसू मी वस्तीत कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि तेवढ्यात माईक बंद. कार्याध्यक्ष स्वतः जाऊन स्विच दाबून आले होते. “महापुरुषाच्या जयंतीत टिंगल चालणार नाही. समाजाच्या भावना दुखावतात.” समाज तर समोर बसून हसत होता! दुखावली होती ती पावती पुस्तकाची भावना. मग डीजे लागला आणि सगळं आपोआप मिटलं.

त्या पोरानं काय करावं? त्यानं पश्चिमेची लोकल पकडली. तिकडं ‘ओपन माईक’ असतो. नवख्यांना चार-पाच मिनिटं देतात. काही ठिकाणी उभं राहायलाच पैसे घेतात, काही ठिकाणी सांगतात, येताना तिकीट काढणारे दोस्त घेऊन ये. मी तीन वेळा त्याच्याबरोबर गेलो. जे पाहिलं ते नीट मांडतो, कारण सगळा मुद्दा तिथंच आहे.

पहिल्या दिवशी त्यानं तोच हिशोबाचा विनोद हिंदीत केला. हॉल थंड. त्यांना ते तीन शब्दच माहीत नव्हते, तर तिसरा आठवणार कसा? जाता जाता तो सहज म्हणून गेला की कॉलेजात सगळे मला ‘कोटा’ म्हणून हाक मारायचे. हॉल खदखदून हसला. अपमानाची गोष्ट होती ती. पण ते हसले नावाला. नाव ठेवणाऱ्याला नाही हसले. दुसऱ्या वेळी कोट्याची गोष्ट दोन मिनिटांची झाली होती. तिसऱ्या वेळी हिशोबाचा विनोद गायब, आणि चारही मिनिटं कोटा. आईची बोली नक्कल करून दाखवली. टाळ्या.

कुणी त्याला हे कर म्हणून सांगितलं नव्हतं. त्या कलेचं यंत्रच तसं आहे. ओपन माईक म्हणजे विनोदाची चाचणी. हसू येतं ते ठेवायचं, येत नाही ते टाकायचं. म्हणजे समोर बसलेली माणसं न बोलता तुमचं लिखाण दुरुस्त करत असतात. संपादक दिसत नाही, पण असतो. त्यानं तिकीट काढलेलं असतं. या शहरातला स्वतंत्र विनोद कंपनीपासून स्वतंत्र असेल, पण समोरच्या खुर्चीपासून नाही. आणि त्या खुर्चीत कोण बसतं? बहेन मायावतींच्या रूपावर २०१२ साली केलेला ‘विनोद’ २०२१ साली लोकांनी उकरून काढला, तेव्हा तो विनोदकार माफी मागता झाला. मधली नऊ वर्षं तो कुणालाही खटकला नव्हता. या नऊ वर्षांचा अभ्यास कुणी करत नाही.

लोअर परळला फिनिक्स गिरणी होती. तिच्या आवारातल्या मॉलमध्ये २०१० साली विनोदाचा खास क्लब उघडला. याच गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं १९४४ सालचं लाल बावटा कलापथक गाजलं होतं. त्यांच्या वगात लोक पोट धरून हसायचे, आणि हसता हसता त्यांना कळायचं की आपलं पोट का रिकामं आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, हसणारी माणसं डोंबिवली-विरारला फेकली गेली. जागा तीच. हसणारे बदलले की विनोद बदलतो, हे त्या एका आवारात उभं राहून समजतं.

पण नुसतं त्यांच्याकडं बोट दाखवून आपली सुटका नाही. आपल्याकडं हसू नव्हतं का? सत्यशोधक जलशानं तमाशाचा सांगाडा घेतला आणि भटजीला सोंग करून उभा केला. १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डकांनी आणि इतरांनी आंबेडकरी जलसे काढले. गवळण काढून टाकली, वग ठेवला. त्या वगात सावकार आणि जोशीबुवा होते तसाच दारू पिणारा, लग्नात कर्ज काढून मिरवणारा, मेलेलं ढोर न सोडणारा आपलाही माणूस होता. त्याला लोक हसत, आणि तो स्वतः समोर बसून हसे. बाबासाहेबांना जलशाचं मोल माहीत होतं. दहा सभांचं काम एक जलसा करतो असं ते म्हणाल्याचं आपण दर बॅनरवर छापतो. छापतो आणि त्याच बॅनरखाली उभ्या असलेल्या शाहिराला रेल्वेभाड्यासाठी अकरा वाजेपर्यंत ताटकळत ठेवतो.

आज आपलं स्टेज कुणाचं आहे? वरचा फ्लेक्स बघा. बाबासाहेब कोपऱ्यात, मधोमध नगरसेवक, त्याच्या भोवती गल्लीतले सतरा ‘युवा नेते’. ज्याचा फ्लेक्स त्याची सुपारी, ज्याची सुपारी त्याच्यावर गायकानं कडवं म्हणायचं नाही. कॅफेतल्या पोराला तिकीटवाला दुरुस्त करतो, आपल्या गायकाला फ्लेक्सवाला. मग आपण कोणत्या तोंडानं त्यांना विचारायचं की तुम्ही किती स्वतंत्र?

एक जागा अजून बऱ्यापैकी सुटी आहे. सहा डिसेंबरचं शिवाजी पार्क. आधी कॅसेट होत्या, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. पण फुटपाथवर चादर टाकून पेटी-ढोलकीवर गाणारा माणूस तसाच आहे. तो कुणाला विचारून येत नाही. ऐकणारा उभा राहतो, आवडलं तर दहा-वीस टाकतो, नाही तर पुढच्या पुस्तकाच्या स्टॉलवर जातो. या शहराचा सर्वांत मोठा स्वतंत्र कला-मेळा हाच. पेपरात मात्र त्याची बातमी येते ती ‘वाहतुकीत बदल’ म्हणून.

विनोद धोक्याचा असतो, हे सत्तेला पक्कं कळतं. २३ मार्च २०२५ ला कुणाल कामराच्या कार्यक्रमावरून शिंदे गटाच्या शिवसैनिकांनी खारच्या हॅबिटॅटची मोडतोड केली, आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं हातोडे घेऊन तिथं पोचली. निषेध झालाच पाहिजे, आपणही करतो. फक्त एक आठवण. २ एप्रिल २०१३ ला याच मुंबईत, विधान भवनासमोर, कबीर कला मंचाची शीतल साठे गरोदर असताना सचिन माळीबरोबर पोलिसांच्या स्वाधीन झाली. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप पकडले गेले आणि वर्षानुवर्षं आत राहिले. रमाबाई नगरच्या गोळीबारात ११ जुलै १९९७ ला दहा माणसं मेली, आणि चार दिवसांनी विलास घोगरेंनी डोक्याला निळं फडकं बांधून फास घेतला. इंडी मंडळींनी त्या वेळी किती संध्याकाळी बंद ठेवल्या? स्वातंत्र्य खुर्च्या मोडल्यावर आठवतं, गळे दाबताना नाही आठवत.

रॅपचं थोडक्यात. २०१९ च्या ‘गली बॉय’नं धारावीतली गरिबी दाखवली, धर्म दाखवला. जात? चामड्याचं काम करणाऱ्या, आमच्या आणि तमिळ दलितांच्या एवढ्या मोठ्या वस्तीत कॅमेऱ्याला जात सापडली नाही! त्याच वर्षी ‘स्वदेसी’च्या पोरांनी आरेतल्या प्रकाश भोईरांना बरोबर घेऊन वारलींच्या जंगलाचं गाणं केलं. ते कमी लोकांनी ऐकलं, पण ते कुणाच्या बाजूनं उभं आहे ते पहिल्या ओळीत कळतं. चित्रकलेत अमोल पाटील बघा. आजोबा पोवाडे रचणारे, वडील नाटकं लिहिणारे. सफाई कामगारांच्या चाळीचं त्याचं जग २०२२ साली जर्मनीतल्या डॉक्युमेंटापर्यंत गेलं. आपल्या चाळीत हे नाव किती जणांना माहीत आहे, विचारून पाहा.

आणि आता दलित विनोदकार स्वतःच उभे राहिलेत. बीडची अंकुर तांगडे, बस्तरचा मंजीत सरकार आणि त्यांचे दोस्त मिळून जो कार्यक्रम करतात त्याचं नाव ‘ब्लू मटेरियल’. विनोदाच्या धंद्यात ‘ब्लू’ म्हणजे चावट माल. त्यांनी तो शब्द उचलून आपल्या झेंड्याचा केला. नावातच अर्धं काम झालं. त्यांचे सगळेच विनोद मला पटतात असं नाही. काही ठिकाणी सवर्ण श्रोत्याला गुदगुल्या करून सोडून देतात, चिमटा घ्यायचा राहून जातो. पण जातीवर बोलताना ते मान खाली घालत नाहीत. आणि अंकुरसारखी बाई ते करते. आपल्या स्टेजवर बाईला स्वागतगीताच्या पलीकडं माईक कधी मिळालाय?

आपल्या वस्तीच्या समाजमंदिरात रविवारी दुपारी कुणी नसतं. पंखे चालू आहेत, पेटी कपाटात आहे, पन्नास-साठ खुर्च्या एकावर एक रचलेल्या आहेत. मी कार्याध्यक्षांना विचारलं, महिन्यातून एक दुपार पोरा-पोरींना द्या. तिकीट नाही, फ्लेक्स नाही. गाणं, कविता, विनोद, ज्याला जे जमेल ते. ते म्हणाले, “द्यायला हरकत नाही. पण ते हिशोबाचं काढायचं नाही.” मी म्हटलं, पहिल्या रविवारी हिशोब तुम्हीच वाचून दाखवा, मग तो पोरगा कशावर बोलेल?

कपाटाची किल्ली खजिनदाराकडं आहे म्हणतात. खजिनदार गावाला गेलेत. त्या पोराचा पुन्हा खारला नंबर लागलाय, शुक्रवारी, रात्री नऊला. मी त्याला फोन केला आणि थोडं थांब म्हटलं. तो म्हणाला, “काका, किती रविवार थांबू?”