खंजिरी कुठे गेली?

चिमूरच्या एका स्नेह्यांनी खंजिरी भजनाच्या जुन्या तबकडीची संगणकावर 'स्वच्छ' केलेली प्रत मला मोठ्या हौसेने ऐकवली. खरखर नाही, टकटक नाही. गायकाचा आवाजही बरा होता. पण खंजिरीच्या पितळी चकत्या कुठे होत्या? कातड्यावरची थाप तेवढी ऐकू येत होती, तीही उशी थोपटल्यासारखी. तुकडोजी महाराजांच्या मुलखात खंजिरीवाचून भजन! ही साफसफाई मला साफ फसलेली वाटली.

असे का झाले? तबकडीच्या खोबणींना आडवा ओरखडा पडला, की सुई दचकते आणि 'टक्' होते. तबकडी मिनिटाला ४५ फेऱ्यांची असेल, तर हे 'टक्' दर १.३३ सेकंदांनी येते. वर्गात घड्याळ लावून मोजून पाहावे. ते साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढे असते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले, तर त्यातले सुमारे ४४ बिघडतात. संगणक ते काढून टाकतो आणि दोन्ही बाजूंच्या नमुन्यांवरून मधली लहर अंदाजाने भरतो. एवढासा खड्डा बुजवलेला कानाला कळतही नाही. ही युक्ती मला मनापासून आवडते. मात्र खंजिरीचा आघातही असाच अचानक उसळतो. त्यानंतर कातडे घुमत राहते, ओरखड्याला असे शेपूट नसते. पण कसोटी फार कडक ठेवली, की संगणक हा फरक विसरतो.

सततच्या खरखरीचे काम त्याहून अवघड. सुरुवातीच्या रिकाम्या खोबणीतून खरखरीचा नमुना घ्यायचा, ती कोणत्या कंप्रतेला किती आहे ते पाहायचे आणि तेवढी सगळीकडून वजा करायची. चकत्यांचा 'छन्' कित्येक हजार हर्ट्‌झपर्यंत पसरलेला, आणि विरताना खरखरीइतकाच क्षीण. तो तिच्याबरोबरच जातो. (७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत, आपल्याकडे पळस-कुसुमावर होते तीच लाख. तिच्यात खनिजांची भुकटी मिसळत, म्हणून त्यांची खरखर विनाइलपेक्षा जास्त.)

स्नेह्यांनी मूळ प्रत जपून ठेवली होती, हे फार चांगले केले. आम्ही मूळ प्रतीतून स्वच्छ प्रत वजा केली आणि बाकी ऐकली. तिच्यात नुसती खरखर असायला हवी होती. निघाली सबंध खंजिरी, अगदी ठेक्यात! मग कसोटी सैल करत गेलो. चौथ्या खेपेला बाकीत खंजिरी ऐकू येईनाशी झाली. भजनात थोडी खरखर मात्र परत आली आहे. स्नेह्यांना ती अजून खटकते, मला नाही.